उत्तर देऊ नकोस, मावशी

पितालितो, बसस्टँड
२० डिसेंबर, सकाळ

प्रिय एर्सिलियामावशी,

हे पत्र मीच लिहितेय. मी म्हणजे मीच, देयानिरा. अक्षर बघ, कोंबडीने माती उकरल्यासारखं, शाळेतल्या बाई म्हणायच्या तसंच आहे अजून. अक्षर फोनमधून चोरता येत नाही, म्हणून कागद-पेन घेऊन बसलेय. बसलेय म्हणजे काय, हा तिसरा बाक. पहिल्यावर ऊन आलं, दुसऱ्यावर एक गृहस्थ पिशवीतून कोंबडा घेऊन शेजारी टेकले, आणि तो कोंबडा माझ्या कोपराकडे अशा नजरेने बघायला लागला की मी उठलेच. लिफाफा फुगलेला दिसेल तुला. आत फडक्यात बांधलेली एक वस्तू आहे, ती एवढ्यात सोडू नकोस. आधी पत्र शेवटपर्यंत वाच.

एक गोष्ट पहिल्यांदाच विचारून घेते, नाहीतर माझं तुला माहीतच आहे, वाहवत जाईन आणि राहून जाईल. चोवीस तारखेला मी आले तर मला घरात घेशील ना? तीन दिवस झाले, मी निरोपावर निरोप धाडतेय. प्रत्येकाखाली दोन निळ्या खुणा उमटतात. म्हणजे तू चष्मा लावतेस, वाचतेस, आणि फोन उपडा ठेवून पुन्हा विणायला लागतेस. मला इथून दिसतं ते.

फोन कसा गेला ते सांगते. इथल्या मळ्यावर ऑक्टोबरपासून कॉफी तोडतेय. दिवसभर कमरेला टोपली, संध्याकाळी सोललेल्या बिया हौदात भिजत घालायच्या. सतरा तारखेला हौद ढवळायला वाकले आणि खिशातला फोन टुपुक. तिथे पाणी नसतं ग नुसतं, चिकट, आंबूस लापशी असते. कोपरापर्यंत हात घालून शोधला. सापडला तेव्हा तो फोन राहिला नव्हता. मुकादम म्हणाला, आता या पोत्याची कॉफी प्यायली की लोकांना घंटी ऐकू येईल. सगळे हसले. मीही हसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की तुझ्याशी बोलायचं माझं एकच दार होतं ते.

मळ्यावर स्वयंपाक करणाऱ्या मार्लेनीताई आहेत. त्यांच्याकडे पोपट आहे, तो फक्त शिव्या देतो, पण त्याचं नंतर. त्यांचा फोन मागून घेतला आणि लिहिलं, "मावशी, मी देयानिरा. माझा फोन गेला. हा नवा नंबर आहे." पाठवून टाकलं आणि मग स्वतःच वाचलं. असं वाक्य आलं की पुसून टाकायचं, हे मीच तुझ्याकडून घोकून घेतलं होतं ना? दुसरा निरोप टाकला, "मावशी, खरंच मी आहे, विश्वास ठेव." ते तर त्याहून वाईट. तिसऱ्या वेळी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, तर मागून पोपटाने जी शिवी हासडली ती ऐकून तू क्रूस केला असशील. आवाजाचीही नक्कल होते हल्ली, हेही मीच शिकवलेलं.

किती शिकवलं ग मी तुला. दर रविवारी तासभर. तू कॅमेरा असा धरायचीस की मला घराचं छत आणि तुझी एक भुवई दिसायची, आणि मी त्या भुवईला सांगत राहायचे: डिसेंबर आला की चोरांचा हंगाम सुरू होतो, लोकांच्या हातात बोनस असतो आणि मन मऊ झालेलं असतं. पार्सल अडकलंय, इथे दाबा, असं आलं तर दाबायचं नाही. नाताळची टोपली लागली असं आलं तर दाबायचं नाही. त्यावर तू म्हणालीस, मी कुठे सोडतीचं तिकीट काढलं होतं टोपली लागायला? मला वाटलं, झालं, हिला कळलं. मग तू पाद्रीबाबांचा निरोपही पुसून टाकलास, नाताळआधीच्या नऊ संध्याकाळींच्या नोवेना-प्रार्थनेत तुझ्या घरची संध्याकाळ कोणती ते विचारणारा, आणि ते बिचारे स्वतः चढण चढून तुझ्या दाराशी आले. तू त्यांना खिडकीतूनच विचारलंस, तुम्हीच कशावरून? गावभर झालं ते. तू सांगताना हसत होतीस, पण कमीच.

हे सगळं दोन वर्षांपूर्वीच्या त्या प्रकरणामुळे, मला माहीत आहे. माझ्या नावाने तुला निरोप आला होता: चोरी झालीय, बुकारामांगाच्या स्टँडवर अडकलेय, ओळखपत्रही गेलंय, नाताळला घरी यायचंय, भाडं पाठव. तू एवारिस्तोकाकांच्या दुकानातून, त्या पैशाच्या खिडकीतून, कुण्या विल्मारच्या नावावर पाठवलंस. आणि चोवीस तारखेला लोकरीची रुआना पांघरून थांब्यावर जाऊन उभी राहिलीस. एक बस आली, दुसरी आली, तिसरी आली. काकांनी नंतर दुकानात मोठ्या अक्षरांत पाटी लावली, नातेवाइकांना पैसे पाठवण्याआधी फोन करा म्हणून, आणि ती पाटी तुझ्यामुळे लागली हे सगळ्या गावाला ठाऊक. नळावरच्या बायका तुला विचारायच्या, काय एर्सिलिया, भाची पोचली का? असं हसत हसत. तू मला कधी सांगितलं नाहीस, मला काकांच्या मुलीने सांगितलं.

बाक बदलला. चौथा. कोंबडेवाले गृहस्थ सरकत सरकत इकडेच आले होते.

मग तो खेळ. पंधरा तारखेला माझा फोन अजून जिवंत होता, आपण बोललो, आणि तू म्हणालीस की या वर्षी पुन्हा तसलेच निरोप सुरू झालेत, हात शिवशिवतात, न जाणो खरंच कुणी अडकलेलं असलं तर. मला काय सुचलं कुणास ठाऊक. म्हटलं, मावशी, आपण अगिनाल्दो लावू, नाताळातला पैजेचा खेळ. तुझा आवडता प्रकार, समोरच्याने बोलायचं पण आपण उत्तर द्यायचं नाही. सोळा ते चोवीस. अनोळखी नंबरावरून कुणी काहीही बोलो, रडो, तुझ्या नावाने हाका मारो, तू तोंड उघडायचं नाहीस. उघडलंस तर मला नवी रुआना विणून द्यायची. मला वाटलं, काय डोकं चाललंय माझं. दोन वर्षं रविवारी जे जमलं नाही ते एका खेळाने होणार होतं, कारण अगिनाल्दोत तू कुणाला हार जात नाहीस. आख्ख्या गल्लीत नाही. तू एकदाच हरलीस, माझ्याकडून. मी सात वर्षांची होते, बुन्युएलो, ते चीजचे गोल वडे, तळत होतीस तू, मी कढईपाशी हात नेऊन किंचाळले, भाजलं, भाजलं. तू झारा टाकून धावलीस, "अगं पोरी, बघू" म्हणालीस, आणि मी हात मागे लपवून ओरडले, माझं अगिनाल्दो! तू मला एक ठेवून दिलीस आणि मग बाहुली आणून दिलीस. गाल आणि बाहुली दोन्ही आठवतात.

म्हणजे बघ आता. मी जितकं जास्त रडगाणं गाईन तितकी तुझी खात्री पटत जाणार. चोर असला तरी गप्प राहायचं, आणि मी असले तरी मी कढईपाशी उभी आहे असंच तुला वाटणार. दोन्हीकडून दार मीच लावून घेतलं, आणि कडी तुझ्या हातात दिली. दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं नसतं. तिथल्या मावशीने निदान रागावून तरी लिहिलं असतं, कोण रे तू म्हणून.

काल मी एवारिस्तोकाकांच्या दुकानात फोन लावला. तुझ्यासारखाच त्यांचाही नंबर मला पाठ आहे, भिंतीवर पुरुषभर निळ्या आकड्यांत लिहिलाय, लहानपणी मी त्यावरच आकडे शिकले. वाटलं, ते आवाज ओळखतील. त्यांनी ओळखला नाही. म्हणजे ओळखला असेल, पण ते म्हणाले, बाई, मागच्या वेळी माझ्याच खिडकीतून पैसे गेले, मी माझ्या हाताने मोजले, या वेळी मी फसणार नाही. मी म्हटलं, काका, पैसे नकोतच मला, फक्त मावशीला सांगा, मी येतेय. ते म्हणाले, चोर आधी असंच म्हणतात. मी म्हटलं, मी तुम्हाला लहानपणचं काहीही सांगते, विचारा. मागे रेडिओवर नाताळची गाणी चालू होती, कुणीतरी अंडी मागत होतं.

"एर्सिलियाबाईंच्या कुत्र्याचं नाव सांग," ते म्हणाले.

"कानेलो," मी म्हटलं. एवढं सोपं विचारल्याचा आनंदच झाला मला.

"कानेलो दीड वर्षापूर्वी गेला. आता लूना आहे. बाईंच्या सख्ख्या भाचीला हे माहीत नसेल होय?"

मग त्यांनी विचारलं, अंगणातलं मेडलरचं झाड कुठल्या बाजूला आहे? मी सांगितलं, डावीकडे, न्हाणीजवळ. ते म्हणाले, पाडलं. न्हाणीही पाडली. तुला कुणीतरी जुनी माहिती विकलीय पोरी, पैसे परत माग त्याच्याकडून. आणि फोन ठेवला.

मावशी, मी हसले आधी. खरंच, मार्लेनीताईंना सांगताना पोट धरून हसले. पोपटही हसला. मग ताटात वाढलेलं जेवण तसंच राहिलं. कानेलो गेला आणि तू मला सांगितलं नाहीस? की सांगितलंस आणि मी तेव्हा कुठल्यातरी बसमध्ये होते, आवाज तुटत होता, हो हो म्हटलं आणि ठेवून दिलं? मला आठवत नाही. दोन वर्षं मी तुला इतकं शिकवलं, खऱ्या माणसाला कसं ओळखायचं, आणि परीक्षा माझी झाली तेव्हा मी दोन प्रश्नांत नापास. चोराला जेवढं माहीत असतं तेवढंच मला घराबद्दल माहीत आहे. जुनं. दुसऱ्यालाही कळेल असं.

लूना कशी आहे? काळी आहे का? मला उगाच काळी वाटते.

मी कुठे एका जागी टिकत नाही हे तुला नवं नाही. या तीन वर्षांत मी सांता मार्ताला खुर्च्या भाड्याने दिल्या, मेदेयीनला फुलं बांधली, एका सर्कशीत तिकिटं फाडली, सर्कशीतला तो उंट तर, जाऊ दे, समोर सांगेन. प्रत्येक ठिकाणी महिनाभराने पायांना मुंग्या यायच्या. लोक म्हणतात, फिरण्याचं वेड आहे पोरीला. मीही तेच सांगते. पण कुठल्याही गावाहून निघताना स्टँडवर पाटी वाचायचे, तर आपल्या बाजूची बस दिसली की मी मुद्दाम दुसऱ्या रांगेत उभी राहायचे. असं कोण करतं? ज्याला वेड आहे तो तर कुठलीही बस पकडेल.

तू पंधरा तारखेला जे म्हणालीस ते मला इथे कॉफी तोडताना उलगडलं. खेळाचं मी सगळं ठरवलं, तू हरलीस तर रुआना. मग मी विचारलं, आणि तू जिंकलीस तर? मला वाटलं तू नवा चष्मा मागशील. तू थोडा वेळ सुया चालवत राहिलीस, मला ऐकू येत होत्या. मग म्हणालीस, "मी जिंकले तर चोवीसला घरी ये. आणि आपल्या पैशाने तिकीट काढून ये."

मी पटकन हो म्हटलं. हो म्हणायची मला सवयच आहे. दोन दिवस ते डोक्यात नुसतं वाजत राहिलं. आपल्या पैशाने. हे तू का म्हणालीस? भाड्याचं तर कुणी काढलंच नव्हतं.

तिकीट काढलंय. इथून बोगोता, बोगोताहून तुन्हा, तिथून आपली छोटी बस. कॉफीच्या मजुरीतून, कुणाकडून उसने नाहीत. मळ्यावर अजून आठवडाभराचं काम होतं, मुकादम म्हणाला, नाताळपर्यंत थांब, डुक्कर कापणार आहोत. मी थांबले नाही. हे पत्र आत्ता पार्सलच्या खिडकीत देईन, ते माझ्या आधी दोन दिवस पोचेल. तेवढंच मला हवंय. मी आणि पत्र एकाच बसने आलो तर तुला विचार करायला वेळ मिळणार नाही, आणि मला तोंडाने हे सांगता येणार नाही. मी उंटाचंच सांगत बसेन.

आता फडकं सोड.

राखाडी लोकरीचा मोजा आहे, टाचेला लाल दोरा. अंगठ्यापाशी मी रफू केलंय, वाईट केलंय. हा डाव्या पायाचा. तू दोन वर्षांपूर्वी पैशांबरोबर बुकारामांगाच्या बसने एक पुडकं पाठवलं होतंस, विल्मारच्याच नावाने. आत हे मोजे होते आणि केळीच्या पानात बांधलेली पेरूची वडी, आणि तू त्या नंबरावर लिहिलं होतंस की रस्ता थंडीचा आहे, आधी पाय झाक. गावाला तू पैशाचं सांगितलंस, काकांना सांगितलंस, पोलिसालाही. पुडक्याचं कुणालाच सांगितलं नाहीस, मलासुद्धा नाही, एकदाही. त्या पुडक्याची माहिती फक्त दोघांना, पाठवणाऱ्याला आणि उघडणाऱ्याला. चोर नव्हता मावशी. मी होते. चोरी झाली नव्हती, ओळखपत्र खिशातच होतं, मला विल्मारबरोबर समुद्र बघायला जायचं होतं. सव्वीस तारखेला मी माझ्या फोनवरून तुला लावला आणि तू विचारलंस, निरोप पाठवून आली का नाहीस ग? तेव्हा मी म्हटलं, कुठला निरोप? फसलीस ना तू, किती वेळा सांगायचं, पुसून टाक तो आत्ताच्या आत्ता. तू पुसलास. मग मी तुला शिकवायला लागले. तुला ते ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं. मला वाटतं, दर रविवारी तू ती भुवई कॅमेऱ्यात धरून वाट बघत होतीस, की आज ही मोज्यांचं बोलेल. म्हणून हे पत्र. चोवीसला दुपारी तीनच्या बसने उतरेन, उजव्या पायात दुसरा मोजा असेल, जोडी लावून बघ. तू थांब्यावर आलीस तर मला कळेल, आणि तिथेच, सगळ्यांसमोर ओरड, माझं अगिनाल्दो, काकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. त्यांना मी स्वतः सांगेन. नाही आलीस तरी कळेल; मी दारापर्यंत येणार नाही. तू त्या दिवशी तीन बसेस पाहिल्यास. मीही तीन बसेस जाईपर्यंत तिथे उभी राहीन. तोवर उत्तर देऊ नकोस. खेळ चोवीसपर्यंत आहे, आणि तू जिंकते आहेस.

एका मोज्यातली, पण तुझीच,
देयानिरा